कान कुणाच्या नावे करता येत नाही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पंप व मोटर दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मेहुण्याला तो पटणार नाही, पण त्याला विचारलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते रद्द समजावं.

लिहिण्याचं कारण एवढंच की माझ्या माघारी दुकान चालवावं की विकावं, यावर घरात दोन मतं आहेत. ती मला कोणी सांगितलेली नाहीत. दुकानातल्या माझ्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे आणि माझे कान शाबूत आहेत.

१. राहतं घर पत्नीचं, तिच्यानंतर मुलाचं. हे घर दुकानाच्या कर्जाला मी कधी तारण दिलं नाही, पुढेही कोणी देऊ नये. बँकेतली माझी बचतही पत्नीची. खाती दोघांच्या नावे आहेत, त्यामुळे तिला कोणाचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत. पासबुकं कपाटात माझ्या स्वेटरांखाली आहेत. हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे.

२. दुकानाचा पैसा माझा नाही, म्हणून तो मी वाटत नाही. पहिल्यापासून मी दुकानातून पगार घेतला, तोही सगळ्यांचा झाल्यावर. पत्नी म्हणायची, "मालक तुम्ही, आणि रांगेत काय उभे राहता?" मी म्हणायचो, "मालकाने गल्ल्यात हात घातलेला दिसला की बाकीच्यांचे हात शिवशिवतात." सगळ्यांचे सहा महिन्यांचे पगार निघतील एवढी ठेव दुकानाच्या नावे आहे. ती मंदीसाठी आहे. नवी यंत्रं, लग्नकार्य किंवा मेहुण्याचा सल्ला यांपायी ती मोडू नये.

३. मेहुण्यास : त्याच्या आग्रहाखातर दुसऱ्या शाखेची पाटी रंगवून घेतली होती. शाखा उघडली नाही. मी नसताना पहिलं दुकान दोन दिवस चालत नव्हतं, दुसरं कोणाच्या जिवावर चाललं असतं? पाटी मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. ती त्याची. टेम्पोभाडं त्याने द्यावं.

४. आता दुकान. माझा धंदा कानावर चालला. मोटर सुरू केली की तिचं कुठे दुखतं ते मला ऐकू येतं आणि भाव मी जागच्या जागी सांगतो. गेल्या वर्षी मी इस्पितळात पडून होतो, तेव्हा दुकानात कोणी चोरी केली नाही, कोणी दांडी मारली नाही. फक्त माझ्या आदरापोटी कोणी एकही मोटर उघडली नाही. "मालक येऊन ऐकतील," म्हणत पंप ठेवून घेत गेले. दारापर्यंत पंप साचले. शेवटी थोरला मिस्त्री फोनमध्ये आवाज भरून माझ्या खाटेपाशी आला. घरघर सुरू होताच सिस्टर धावत आली, "आजोबांना काय होतंय?"

"काही नाही, ताई," मिस्त्री म्हणाला, "हा शाळेचा पंप आहे."

फोनमधून मला काही उमगलं नाही. "ठेवा, मी येतो," म्हणालो.

सूनबाई दुकानात बिलं करते. तिने त्याच दुपारी मिस्त्रीला मोटर उघडायला लावली, मीटर लावला, आणि बिघाड व भाव फळ्यावर लिहून टाकला. मला कळलं तसा मी फोनवर ओरडलो, "मला न विचारता भाव?"

"बाबा, तुमचा कान चुकत नाही," ती म्हणाली. "पण तो तिकडे आहे आणि पंप इकडे."

तिचे दोन भाव चुकले. तोटा दुकानाने सोसला, गिऱ्हाइकाकडून वर काही मागितलं नाही. चुकाही तिने फळ्यावरच लिहिल्या, सगळ्यांना दिसतील अशा. पुढे तशा झाल्या नाहीत.

मी परत आल्यावर प्लायवूडपलीकडे ऐकलं ते असं. मुलगा म्हणाला, "बाबा आहेत तोवर ठीक. नंतर आवाज कोण ऐकणार? जागेला भाव आलाय, विकून मोकळे होऊ."

"आणि ही सात माणसं?" सूनबाईने विचारलं.

"त्यांना मिळेल की दुसरीकडे काम."

"मग माझ्यासाठीही बघून ठेव."

मुलाने उठून पंखा वाढवला. (पंख्याचं बेअरिंग गेलं आहे, बदलून घ्यावं.)

गेल्या महिन्यात एक मोटर आली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय बिघडलं ते मला खुर्चीवरूनच कळलं होतं. मी चहा पीत राहिलो. सूनबाईने मिस्त्रीला खूण केली, त्याने मोटर उघडून शाफ्ट हलवून पाहिला. तिने फळ्यावर 'बेअरिंग' लिहिलं आणि पुढे भाव. मी सांगितला असता त्याहून जरा जास्तच. गिऱ्हाईक "बरं" म्हणालं.

सबब दुकान, जागा, हत्यारं व दुकानावरची पाटी सूनबाईच्या एकटीच्या नावे करत आहे. थोरल्या मिस्त्रीला नफ्यात दहावा हिस्सा. बँकेत दोघांच्या सह्या लागतील, किल्ल्याही दोघांकडे. एकाच माणसाला सगळं माहीत असलं की दुकान त्याच्याबरोबर आजारी पडतं.

मुलाला माझ्या विम्याची रक्कम. त्याच्यावर माझा राग नाही. जागेचा भाव त्याने बरोबर सांगितला होता, मी चौकशी केली. दुकानात यायचं असेल तर पगारावर यावं, रांगेत उभं राहावं. यावरून नवराबायकोत भांडण होईल. ते घरी करावं.

५. माझी खुर्ची दारापाशी गिऱ्हाइकांसाठी ठेवावी. फळा पुसू नये, भरला तर दुसरा आणावा.

६. मी जाईन त्या दिवशी दुकान बंद ठेवण्याची घाई करू नये. ज्यांना त्या दिवसाचा शब्द दिला असेल, त्यांचे पंप आधी पोचवावेत. मग या. मी थांबेन.

सही : लिहून देणार, मोटरवाले

साक्षीदार (यांना यातून काही मिळत नाही, म्हणूनच बोलावले) :
१. आमचे डॉक्टर. सही.
२. समोरचे चष्मेवाले. वाचून सही केली.

स्थळ : दुकान, आतली खोली
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२३