‘नियमन’चा पहिला अंक

४ जून १९७९, सकाळ
पूजा झाली. मन शांत. किसनरावावरचा राग मात्र गेला नाही. त्याच्या साप्ताहिकात छापून आलं : प्रा. काळबांडे वृत्तपत्रांच्या शिस्तीवर दीड तास बोलले, श्रोते दोन. धडधडीत खोटं. पाच होते. एकाला झोप लागली होती, एवढंच. अशा संपादकांसाठीच कायदा लागतो.
नागपूर विद्यापीठात रीडरची जागा निघाली आहे. विषय माझाच, वृत्तपत्रांचे नियमन. रोहणा खेड्याच्या शाळेत पाटीवर शिकलेला माणूस रीडर होणार. ठरलं.

९ जून
अट : प्रकाशित लेखन हवं. माझ्याकडे बारा वर्षांचं चिंतन आहे, छापील काही नाही. उपाय सुचला. स्वतःचं त्रैमासिक काढायचं. ‘नियमन’. सगळं मीच लिहिणार. सौ. कौशल्या म्हणाली, अन् वाचन कोन? दुर्लक्ष केलं.

१५ जून
आर्वीत ओळखीचा छापखाना एकच, तोही किसनरावाचा. गेलो. तत्त्वाशी तडजोड नाही, फक्त छपाई.
अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता तो म्हणे, सर, डिक्लेरेशन भरलं का? मालक कोन, संपादक कोन, हे साहेबापुढं लिहून द्या लागते. नाई तं मले कोर्टात जा लागन. म्हटलं, हा कायदा मी शिकवतो, मला शिकवू नकोस. म्हणे, शिकवून नाई राह्यलो, इचारून राह्यलो.
उद्धट. देवापुढे त्याच्यासाठी सद्बुद्धी मागितली. जमल्यास मशीनला गंजही.

२६ जून
डिक्लेरेशनसाठी एस.डी.ओ. साहेबाच्या कचेरीत जायचं होतं. प्रस्तावना वाढवत बसलो. उद्या नक्की.

३ जुलै
कचेरी राहिली. किसनराव विचारतो, लेखाखाली नाव काऊन नाई? त्याला परंपरा समजावली. अग्रलेखाखाली नाव नसतं. माझे सहाही लेख अग्रलेखच आहेत. नाव मिरवणं हलक्या लोकांचं काम.

१० जुलै
किसनराव घरी आला. म्हणे, सर, अंक तयार अन् तुमचा फारम नाई. मीच साहेबापुढं भरून आलो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलं हाय, पाहून घेजा. म्हटलं, बारीक अक्षरं कारकुनांनी पाहावी. मुलाखतीच्या तयारीत होतो.

१९ जुलै, नागपूर
मुलाखत. अध्यक्षांनी अंक चाळला. म्हणाले, भाषा स्वच्छ, कायद्याची जाण पक्की. मी नम्रपणे खाली पाहिलं. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. हे किसनराव कोण? म्हटलं, छापखानेवाला. म्हणाले, मुद्रक, प्रकाशक, संपादक, तिन्ही तेच आहेत. तुमचं नाव कुठे आहे?
अग्रलेखांची परंपरा सांगू लागलो. त्यांनी चहा मागवला. उमेदवारांना नव्हता.
तरी इंप्रेशन चांगलं पडलं.

६ ऑगस्ट
जागा दुसऱ्याला गेली. विद्वानांचा मत्सर जुनाच आहे.
दुपारी किसनराव आला. हातात नागपूरचं पत्र. ‘नियमन’चे विद्वान संपादक म्हणून त्याला वृत्तपत्र-कायद्यावर व्याख्यानाचं बोलावणं. म्हणे, सर, मले यातलं काई समजत नाई. तुमीच लिहून द्या.
अंगाचा तिळपापड झाला. देवाचं नाव घेतलं. पण तो तिथे भलतंसलतं बोलला तर बेअब्रू विषयाची होईल. तेवढ्यासाठी होकार दिला.

९ ऑगस्ट
आठ पानांचं व्याख्यान लिहून दिलं. किसनरावानं उभ्या उभ्या वाचलं, साडेतीन पानं खोडली. म्हणे, आता लोकाईले समजन.
घरी आणून पुन्हा वाचलं. समजतं आहे.