मिश्रणखोलीतली हवा

४ मार्च
दादाने आज भरलं ताट वहिनीच्या अंगावर भिरकावलं. "काय कालवलंयस यात?" काही नाही कालवलेलं! आम्ही सगळे तेच जेवत होतो. आई म्हणाली, "हिच्या हाताला चवच नाही, मग माणूस चिडेल नाही तर काय?" मीही हसले. खरं सांगायचं तर ती मला पहिल्यापासून आवडत नाही.

५ मार्च
कारखान्यात मिश्रणखोलीची हवा मोजली. कार्बन डायसल्फाइडची मर्यादा दहा — यंत्रावर बेचाळीस! लाकडाच्या लगद्याचा धागा करायचा तर हे रसायन लागतंच. साहेबांना आकडा दाखवला. "यंत्र म्हातारं झालंय, बाई. नऊ लिहा." नेहमीसारखं लिहिलं. दादा आठ वर्षं त्याच खोलीत आहे. काचेतून मला हात केला त्याने.

९ मार्च
नव्या कामगारांना पुस्तिकेतून त्या रसायनाची माहिती दिली. दिसायला पाण्यासारखं, साठवतात पाण्याखाली. वाफ जड, जमिनीलगत पसरते. पेटायला ठिणगीही नको, तापलेला नळ पुरे. मागे फिटरच्या भुवया जळून गेल्या म्हटल्यावर सगळे खो खो हसले. फिटरसुद्धा! डोक्यावर, नसांवर काय परिणाम होतो ते पान मात्र न वाचताच उलटलं. साहेब दारात उभे होते.

१५ मार्च
दादा आधी वहिनीला खायला लावतो. समोर बसून तिचे घास मोजतो. आज तिने मान वर केली, तर त्याने तिचा तळवा तापल्या तव्यावर दाबला. मी दारातच उभी. आई तिच्या हातावर पाणी ओतत म्हणाली, "कशाला डिवचायचं त्याला?"

१६ मार्च
पुस्तिकेतलं ते उलटलेलं पान वाचलं. संशय. संताप. झोप उडणं. पाय बधिर होणं — दादाच्या पायातून चप्पल निसटते नि त्याला पत्ताही नसतो!
म्हणजे वहिनीचा काहीच दोष नव्हता. दादाचाही नाही.


१८ मार्च
साहेबांना म्हटलं, खरा आकडा लिहिते. "लिहा की! पण मग आतापर्यंतचे सगळे नऊ कुणी लिहिले, हेही सांगावं लागेल." माझ्यासाठी चहा मागवला.
प्याले मी.

२ एप्रिल
दादाला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. चौघांनी धरून. दादा मला ओरडून म्हणाला, "तू तरी सांग यांना! तू शिकलेली आहेस ना!" मी त्याचे कपडे पिशवीत भरत राहिले. कारखान्याच्या डॉक्टरने कारण लिहिलं — दारू. दादा थेंबाला शिवत नाही!

३ एप्रिल
काही नाही.

९ एप्रिल
साहेबांनी मोठं मन दाखवलं. दादाच्या जागी घरचंच माणूस घेतलं. वहिनी आजपासून मिश्रणखोलीत. गेटपर्यंत दोघी बरोबर चालत गेलो. तिने विचारलं, "वन्सं, वास फार येतो का हो तिथे?"
म्हटलं, "सवय होते."