चोवीस नंबरची तार

६ मार्च १९३६
आज कॅम्पातल्या लिलावात मँडोलिन घेतलं. विलायतेला परत निघालेल्या कुणा मडमेचं सामान होतं. पाठ भोपळ्यासारखी फुगीर. आत चिठ्ठी चिकटवलेली: नापोली, इटली, १८९४. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं वडील. तारा मात्र केसासारख्या. मडमेच्या बोटांना ठीक आहेत, पुरुषाच्या हाताला शोभणार नाहीत.
संकल्प: रोज पहाटे पाचला रियाझ. यंदाच्या रामनवमीच्या उत्सवात वाजवायचंच.
सौ.ने हातात घेऊन दोनदा टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. माहेरी मिरजेला मामांकडे दिलरुबा शिकली होती म्हणे. लग्नानंतर सुटलं. तिला बजावलं, जुनी वस्तू आहे, हात लावू नकोस.

९ मार्च
पहाटेचा रियाझ उद्यापासून. होळीची दगदग.
संध्याकाळी वाजवून पाहिलं. आवाज पोचत नाही. आमच्या खासबाग पेठेत सगळीकडे हातमागांचा खटखटाट, त्यात शेजारच्या शालूबाईंचे दोन्ही माग आमच्या भिंतीला लागून. दोष हाताचा नाही, तारांचा आहे. जाड तार हवी.

११ मार्च
आण्णाप्पांच्या दुकानात गेलो. सतारीच्या तारा विकतात. सगळ्यात मोठा नंबर मागितला, बत्तीस. त्यांनी कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी काढून दिलं. म्हणाले, साहेब, नंबर वाढला की तार बारीक हुती. हे उलट आहे, असं त्यांना अर्धा तास समजावलं. पटलं नाही. शेवटी चोवीस नंबर घेतली. तर म्हणाले, ही न्हाई सोसायची वो ह्या वाद्याला, पोट खाली बसंल. गिऱ्हाईकाला घाबरवायची दुकानदारांची जुनी खोड.

१२ मार्च, रात्री
आठही तारा चोवीस नंबरच्या चढवल्या. खुंट्या पिळताना सौ. स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेली. आवाज भरदार. स्वर वेगवेगळे निघत नाहीत, पण जो निघतो तो भक्कम निघतो. बोटांना तीन फोड.
झोपायच्या वेळी वाद्यातून करकर ऐकू आली. सौ. म्हणाली, अहो, दुखतंय हो त्याला. मी हसलो. तिला ताण म्हणजे काय ते सायन्सच्या अंगानं समजावलं. ऐकता ऐकता झोपली.

१३ मार्च
मिरजेहून सौ.च्या भावाचं पार्सल. सांडगे, मेतकूट आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी हलकं. शिवणकामाचं असावं. बोटांना फोड असल्यामुळे रियाझ नाही.

१४ मार्च
आश्चर्य. ऑफिसातून येऊन वाद्य घेतलं तर तारा हाताला मऊ लागतात. करकर बंद. सौ.ला म्हटलं, बघ, दोन दिवसांत सरावलं की नाही? ती म्हणाली, सरावलं खरं.

१६ मार्च
आमच्या बांधकाम खात्याच्या स्टोअरमधून तार मोजायची चकती आणली. पोलादी, कडेला खाचा, प्रत्येक खाचेला नंबर. ज्या खाचेत तार नेमकी बसेल तो तिचा नंबर.
मोजलं. एकतीस.
पुन्हा मोजलं. एकतीसच.
बारा तारखेला चोवीस होती. म्हणजे मधल्या काळात तार सात नंबरांनी झिजली. वाजवली मी एकच रात्र. माझ्या बोटांनी पोलाद झिजतं. असा प्रकार दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडल्याचं वाचनात नाही. शांतपणे बसून पाणी प्यालो.
पुन्हा चोवीस चढवल्या.

१८ मार्च
पुन्हा एकतीस. काल तर मी वाद्याला हातही लावला नव्हता. थिअरी थोडी बदलावी लागेल. झीज एकदा सुरू झाली की आपोआप चालू राहत असावी, गंजासारखी.
सकाळी नळावर शालूबाई भेटल्या. म्हणाल्या, काल दुपारी लई ग्वाड वाजत हुतं तुमच्यात, आमी माग बंद करून ऐकत बसलो. दुपारी मी ऑफिसात असतो. पण बिचारीचा दिवस मागावर जातो, वेळेचं भान कसं राहणार? शिवाय चांगलं संगीत ऐकताक्षणी कळतच नाही. रात्री वाजवलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी उमगतं.
गंमत म्हणजे मी प्रत्यक्ष वाजवायला बसतो तेव्हा त्या दोन्ही माग जोरात चालवतात. ताल धरत असाव्यात.

२१ मार्च
पहाटे पाचला उठलो. पुन्हा झोपलो. उठणं जमलं, हे महत्त्वाचं.
परसात सौ.ने कारल्याच्या वेलासाठी मांडव केलाय. त्याला कुठूनशी चकचकीत, मजबूत तार पैदा केली आहे. काटकसरी बाई. मी कौतुक केलं तर हसू दाबत आत गेली. कौतुकाची सवय नाही तिला.
आण्णाप्पांकडून पुन्हा चोवीस आणली, तिसऱ्यांदा. त्यांनी विचारलं, साहेब, करताय काय वो एवढ्या तारंचं? म्हटलं, झिजवतो. त्यांनी पैसे दोनदा मोजून घेतले. भारावले असावेत.

२४ मार्च, पाडवा
गुढी उभारली आणि फळ मिळालं. राम मंदिराच्या उत्सव कमिटीचे मारुतीराव स्वतः घरी आले. म्हणाले, शुक्रवारी दुपारी तुमच्या दारावरनं गेलतो, पाय निघंना बघा. तीस तारखेला उत्सवात तुमचं वाजवणं ठेवतोय.
परीक्षा नाही, चाचणी नाही. नुसत्या कीर्तीवर. शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात रस्त्याच्या अंदाजपत्रकाच्या बेरजा करत होतो, हे खरं. पण कमिटीच्या माणसाला वेळकाळ शिकवणं बरं दिसलं नसतं. सौ. चहा घेऊन आली होती, तो तसाच घेऊन आत परत गेली. माझ्या सन्मानानं तीही गोंधळली असणार.
उत्सवात बोट दाखवायला जागा राहता कामा नये. सगळी खासबाग येणार, ऑफिसातले येणार, आमचे हेडक्लार्क सहकुटुंब येणार. इतकी वर्षं ते मला 'ए बेरीज' म्हणून हाक मारतात. तीस तारखेनंतर ती हाक बंद होईल.

२७ मार्च
निर्णय झाला. मंदिरात मागच्या ओळीपर्यंत आवाज जायचा तर चोवीस पुरणार नाही. बावीस. नंबर कमी, तार जाड, हे आता मला पाठ आहे.
तारा आपोआप झिजू नयेत म्हणून वाद्य ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवणार. हे सांगितल्यावर सौ.चा चेहरा उतरला. म्हणाली, तीन दिवस कपाटात? आणि बावीस नंबर? अहो, आहे तशाच राहू द्या ना, पाया पडते. तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, कलावंताच्या बायकोनं धीट असायला हवं.

३० मार्च, रात्री
कार्यक्रम झाला. घटनाक्रम तसा चांगला होता.
गर्दी भरपूर. पेटीवर भरमा गवंडी. मी बावीस नंबरच्या तारांवर नखी मारली आणि मंदिरातली कबुतरं उडाली. म्हणजे आवाज पोचत होता. पुढे काही स्वर खाली राहिले, काही वर गेले. चौथ्या मिनिटाला एक तार तुटली आणि भरमाच्या टोपीत अडकली. लोक म्हणायला लागले, दुपारचं वाजवा की वो, ते दुपारचं. मी नम्रपणे सांगितलं की दुपारचे राग रात्री वाजवणं शास्त्रात बसत नाही. शालूबाई बायकांतून मोठ्यानं म्हणाल्या, ह्येंच्यानं न्हाई व्हायचं ते.
मग वाद्यातून काड् असा आवाज आला. तारांखालची घोडी खाली बसली. मारुतीरावांनी लगबगीनं येऊन मला नारळ दिला. कार्यक्रम अजून चालू असतानाच सत्कार, हा मान सहसा कुणाला मिळत नाही.
हेडक्लार्क जाताना म्हणाले, बेरीज चुकली.
घरी आल्यावर सौ.ने वाद्य मांडीवर घेतलं. फळीला बोटभर चीर गेली आहे. ती चिरेवरून हात फिरवत राहिली आणि रडली. कार्यक्रमासाठी नव्हे, हे कळलं. बाकी कळलं नाही. मलाही वाईट वाटलं. जेवलो नाही.

२ एप्रिल
सौ. बोलत नाही. तिचा भाऊ येऊन मँडोलिन मिरजेला दुरुस्तीला घेऊन गेला. मी परवानगी दिली. ते गेल्यानंतर दिली.

१५ एप्रिल
वाद्य आलं. चीर शोधून सापडत नाही. सौ. म्हणाली, यापुढं तारा मी लावणार. तिच्या आवाजात असं काही होतं की मी लगेच हो म्हटलं. घरच्या माणसांवर जबाबदाऱ्या टाकल्या पाहिजेत. चकती आज स्टोअरला परत केली.

१९ एप्रिल
शेजारच्या गल्लीतल्या वकिलांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. दिवेलागणीला सौ.ला आणायला गेलो. आत पुरुषांना मज्जाव. बाहेर कट्ट्यावर आठ-दहा जण बसलेले, मारुतीरावही. आतून मँडोलिन ऐकू येत होतं.
काय वाजत होतं मला सांगता येणार नाही. स्वर एकेक करून सुटा येत होता आणि पुढच्याच्या हातात हात देत होता. मोठ्यानं नव्हतंच. तरी रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं टांगा उभा केला होता. मारुतीराव हळूच म्हणाले, ह्येच की वो, उपेंद्रराव, दुपारचं. वहिनींचं हाय व्हय हे?
आधी राग आला. माझं वाद्य, माझ्या माघारी. मग दीड महिन्याचा सगळा हिशेब एकदम लागला आणि कानापर्यंत लाज वाटली. पोलाद वगैरे काही झिजलं नव्हतं. मग राग आणि लाज दोन्ही राहिली बाजूला आणि मी ऐकत बसलो. आठ वर्षं ही बाई माझ्यासमोर भाकऱ्या थापतेय. मला ठाऊकच नव्हती.
येताना मँडोलिनची पेटी मी घेतली. गल्लीच्या वळणावर विचारलं, कितीच्या तारा आहेत? ती म्हणाली, नंबर नाही ठाऊक. त्याला सोसतील तेवढ्याच. मग म्हणाली, तुम्ही रागावला नाहीत ना? मी नाही म्हटलं. खरंच नव्हतो.

२० एप्रिल
निपाणीहून निरोप आला. तिथल्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडे शुक्रवारी, अक्षय्य तृतीयेला, हळदीकुंकू आहे. आमंत्रण दोघांनाही आहे. सौ.ला वाजवायला, मला सर्व्हिस मोटारीत पेटी सांभाळायला.
पेटीची मूठ ढिली झाली आहे, वाटेत निसटली तर पंचाईत. तारेनं आवळून बांधली पाहिजे. किती नंबरची योग्य, याचा अभ्यास सुरू केला आहे. चकती उद्या परत आणतो.