शंभर गाड्यांची वाकळ

मुरुम, ५ मार्च १९८६

ती. स्व. सिदूआण्णांस,
महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दामुळं आमच्या शिवण सोसायटीला काम मिळालं. न्हायतर या दुष्काळात बायांना खडीच फोडायची होती. चन्नम्मामावशी सगळ्यांना दामटते, आपल्या दोघांना वाढवलं तशीच, रागावून. पण मोटारीच्या गाद्यांना वाकळीचं शिवणकाम कशाला, ते इथं कुणाला उमगत न्हाय. पुढल्या पंधरवड्यात तुमच्या कंपनीचे साहेब गाडी घेऊन फोटो काढायला येणार म्हणं.

माया आहे तशीच राहू द्या.
महादेवी

मुंबई, ११ मार्च

चि. महादेवीस अनेक आशीर्वाद.

गाडी नेहमीचीच गं, यंत्रसुद्धा तेच. कपड्यांच्या एका नामांकित डिझायनरनं रंग न् गाद्या ठरवल्या, दारावर सही केली. अशा शंभरच काढायच्या, मग श्रीमंत लोक त्यासाठी धडपडतात. जाहिरातीला साहेबांना भेगाळलेली जमीन पाहिजे. मी गाद्या बसवणारा, माझं कोण ऐकतं? मावशीला उन्हात जाऊ देऊ नको.

खुशाली कळवत जा.
सिदू

मुरुम, २७ मार्च

ती. स्व. आण्णांस शि. सा. न.

मन घट्ट करा. चन्नम्मामावशी गेली.

आटलेल्या तळ्यात भर दुपारी आम्हाला रिकाम्या घागरी देऊन उभं केलं. गाडीवर धूळ बसली की टँकरच्या पाण्यानं धुवायचे. मावशीला घरी जा म्हटलं, तर म्हणाली, सिदूनं काम आणलंय, त्याला बोल लागू नये. तिनं पाणी मागितलं. साहेब म्हणाले, एकच फोटो राहिला. ती तिथंच कोसळली. उमरग्याच्या दवाखान्यात न्यायला म्या त्याच गाडीचं दार उघडलं, तर साहेबांनी अडवलं. गाद्या खराब होतील म्हणाले. तिनंच शिवलेल्या गाद्या, आण्णा! बैलगाडीत घातली. वेशीबाहेर पडेस्तोवर तिचा हात गार झाला.

गाद्यांच्या वाकळीचे उरलेले तुकडे बायांनी तिच्यासंगं मातीत घातले. आता आमी खडीवर जातो.

तुमचीच,
महादेवी

मुंबई, ९ एप्रिल

चि. महादेवीस,

शोरूमच्या काचेत मावशीचं चित्र लावलंय, माणसाहून मोठं. साहेबांना सांगितलं, ही माझी मावशी, वारली. ते म्हणाले, असा चेहरा पुन्हा मिळायचा न्हाय. मग सगळ्या गाड्या खपल्या म्हणून पेढा पुढं केला. म्या तो घेतला, महादेवी. बाहेर येऊन मावशीच्या चित्रापाशी काचेला कपाळ टेकवलं, तर रखवालदारानं मला बाजूला सारून काच पुसून काढली.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत न्हाय.
सिदू