इंजिनात पडलेली बांगडी

अहो,

गाडीच्या पाण्याच्या पाइपाचा नवीन जॉइंट मी बसवला. सकाळपासून त्या सांदीत हात घालून तुमची बोटं सोलली होती, म्हणून दुपारी झोपलात ते उठवलं नाही. तुमचा पंजा तिथे जातच नाही. माझा गेला, पण बांगड्या काढल्यावर. जुना जॉइंट तुम्हीच जोर लावून आवळला म्हणून तडकला. हा नुसता दाबायचा. टक् वाजलं की बसला. कूलंट भरून वीस मिनिटं इंजिन चालवलं, थेंब गळला नाही. कूलरच्या आवाजात तुम्हाला कळलंही नाही.

उद्या आईंना डोळ्याच्या ऑपरेशनला खंडव्याला बिनधास्त न्या. फक्त गाडीपाशी घाईत काढताना माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाढल्या. रिकामे हात दिसले तर आई अपशकुन म्हणून ऑपरेशनलाच जायच्या नाहीत. त्या राजघाटावरून यायच्या आत राजपुऱ्यात कासाराकडे बांगड्या भरून येते. विचारलं तर भाजीला गेली सांगा, आणि न हसता सांगा.

चहा थर्मासमध्ये आहे. बोटांना हळद लावा.

बांगडीचा एक हिरवा तुकडा इंजिनाच्या सांदीत पडलाय, हाती लागला नाही. राहू द्या. पुन्हा "हे बायकांचं काम नाही" म्हणावंसं वाटलं, की बोनट उघडून तो बघा.

प्रतिभा