कोपरापर्यंत हात

३ मार्च, सकाळ
शेजारच्या ड्वेनने फवारणीच्या औषधाच्या कंपनीवर दावा लावलाय. म्हणे औषधामुळे गाठींचा कॅन्सर झाला. मी तेच औषध जन्मभर विकलं, मला काय झालं? संकल्प : कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायची.
पांढऱ्या शर्टाचं कॉलरचं बटण लागत नाही. आर्लीन कपडे वाळवायचा ड्रायर फार गरम लावते, शर्ट आटतो. बायकोला कोण सांगणार!

९ मार्च
ओमाहाहून कंपनीची वकीलबाई आली. गोड बाई. तिला माझा जुना कार्यक्रम सांगितला. दर वसंतात गोदामात शेतकऱ्यांना पॅनकेकचा नाश्ता, आणि मग मी सगळ्यांदेखत औषधाच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवायचो. पहिली टाळी ड्वेनची. बाई म्हणाली, कोर्टात अगदी असंच सांगा. गुणांची पारख असलेली माणसं अजून आहेत.

२० मार्च
चर्चमध्ये ड्वेन भेटला. केस गेलेत. डोक्यावर कंपनीचीच टोपी, मीच दिलेली. म्हणाला, "व्हर्लिन, तुझ्यावर राग नाही रे. खरं तेवढं सांग." वाईट वाटलं. जेवल्यावर बरं वाटलं.
आर्लीन म्हणते मानेला गाठ आहे, डॉक्टरला दाखव. म्हटलं, साक्षीनंतर. ऐन वेळी नसती भानगड नको.

१४ एप्रिल
साक्ष काय रंगली! बाईने विचारलं, डब्यावर 'हातमोजे घाला' असं छापलं होतं? म्हटलं, ठळक. तुम्ही वाचलं होतं? शब्दन् शब्द! मग ड्वेनला काय सांगितलंत? म्हटलं, हातमोजे बायकांनी घालावेत. ज्यूरीतलं कुणी हसलं नाही. शहरी माणसं. हे कंपनीने बोलायला सांगितलं होतं का? छे, माझी स्वतःची कल्पना! बाईने आभार मानले. ड्वेन खाली बघत होता.

१७ एप्रिल
कंपनी सुटली. शेवटच्या भाषणात बाई म्हणाली म्हणे, इशारा आम्ही छापला होता, बुडवला तो या विक्रेत्याने. वकिली बोलणं, मनावर घ्यायचं नसतं. आभाराचं पत्र येईलच.

२ जून
ड्वेन गेला. त्याच्या बायकोने, लॉइसने, मला खांदा देऊ दिला नाही. "तुझे हात नकोत," म्हणाली. सगळ्यांसमोर. पत्र अजून नाही.

११ जून
माझा रिपोर्ट आला. ड्वेनचंच दुखणं. खूप भीती वाटते.
मीच ओरडलो, दावा लाव, कंपनीला सोडत नाही! आर्लीनने ड्वेनच्याच वकिलाला फोन केला. तो बिचारा सभ्यपणे म्हणाला, बाई, इशारा शब्दन् शब्द वाचला होता असं त्यांनी शपथेवर सांगितलंय. आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं? आर्लीनने फोन ठेवला.
संध्याकाळी मोठ्या कॉलरचा पांढरा शर्ट घेऊन आली. बटण लागलं. ड्रायरबद्दल तिची माफी मागायची राहिली आहे.