बशीतलं काळीज

३ नोव्हेंबर १९६६, पालघर
प्रयोगशाळेला लागणारं वाण्याकडचं चायना ग्रास संपलं. डॉ. म्हणाले, समुद्र चार कोसांवर आहे, शेवाळ उकळा. म्हणजे मीच उकळायचं. पेशी जगवायला ओलं, मऊ, थिजलेलं काहीतरी लागतं, नुसती काच त्यांना मानवत नाही.
किनाऱ्यावरच्या मुरबे गावची कोळीण जाना टोपलीभर शेवाळ घेऊन आली. काळ्या खडकावरचं. आठ दिवसांपूर्वी तिथेच तिच्या नवऱ्याची होडी फुटली. तिघे पोहत आले, तो नाही. गावातलं कुणी त्या खडकाला हात लावत नाही, हिने खुशाल ओरबाडून आणलं.

५ नोव्हें.
शेवाळ उकळून फडक्यातून गाळलं. काचेच्या बशीत खरवसासारखं छान जमलं. अंड्यातल्या पिलाच्या काळजाचा तीळभर तुकडा त्यावर ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली धडधडतोय, मिनिटाला एकशे तीस. तीन दिवसांत थांबेल. आजवरचे सगळे थांबले.

११ नोव्हें.
सहा दिवस झाले, चालूच! पण शंभरावर आलाय. डॉ. खूश.
जाना आली होती. तिला दाखवलं आणि कौतुकाच्या भरात बोलून गेले, तीन दिवसांवर जगत नाहीत गं, तुझ्या शेवाळावर जगलाय बघ हा गडी. ती सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा काढीना. मेली माझी जीभ.

१४ नोव्हें.
जाना रोज येते. शेवाळ नको असलं तरी. "हाय का?" एवढंच विचारते. हाय म्हटलं की चालू लागते.
आज कारण कळलं. प्रेत मिळालं नाही, म्हणून शनिवारी दर्भाचा पुतळा जाळायचाय आणि हिच्या बांगड्या फोडायच्यात. नाहीतर दीर घराबाहेर काढणार. हिने सांगितलंय, बशीतला थांबेल तेव्हा फोडीन. अगं, ते कोंबडीचं आहे, मी परोपरीने समजावलं.
"तूच बोललीस बाय, तीन दिसांवर जगत नाय. मग यो कोनाचा?"
काय सांगू, कप्पाळ! सगळं माझ्यामुळे.

१९ नोव्हें., शनिवार
सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढायला गेले तर जाना पायरीवर. हातभर हिरव्या बांगड्या. फाटकाशी दीर.
"बघून सांग. नाय म्हनलीस तर हितंच फोडते."
डोळा लावला. तुकडा थांबलेला. चांगली दोन मिनिटं पाहिलं, तसूभर हालचाल नाही. खरं बोलले तर बांगड्या जाणार, खोटं बोलले तर घर.
"हाय," म्हणाले मी.
ती दिराकडे न बघता निघून गेली. तो ओरडत मागे.
मग मला रडूच आलं. बशी टाकून द्यायला उचलली, म्हटलं एकदा शेवटचं पाहावं.
चालू होतं.
घड्याळ धरून तीनदा मोजलं. बहात्तर. पिलाचं काळीज इतकं सावकाश चालत नाही, माणसाचं चालतं. माझ्याच नाडीचा भास होतोय की काय, म्हणून स्वतःचं मनगट धरलं. माझी एकशे दहा.
बशी परत उबेच्या पेटीत ठेवली. पोषक द्रावाचे दोन थेंब खाऊ म्हणून घातले. उद्या जाना येईल, विचारेल.